गोडेतेलावर चाललेले इंजिन आणि रुडॉल्फ डिझेल



डिझेल हा शब्द आपण रोज ऐकतो. एसटीला डिझेल लागतं, ट्रॅक्टरला डिझेल लागतं, उसाच्या ट्रकला लागतं, विहिरीवर जुनं इंजिन असेल तर त्यालाही लागतं. भाव वाढला की घरोघरी चर्चा होते. पण डिझेल हे मुळात तेलाचं नाव नाही. ते एका माणसाचं आडनाव आहे! आपल्याकडे जसे पाटील, शिंदे, कांबळे, तसे जर्मनीत डिझेल. त्या माणसाने इंजिन शोधून काढले, इंजिनाला त्याचे नाव पडले आणि इंजिनात जे तेल घालतात त्यालाही लोक तेच म्हणू लागले. आपलं नाव जगातल्या सगळ्या पेट्रोल पंपांवर लिहिलं जाईल हे त्या माणसाला कधी कळलंच नाही. त्याचीच ही हकिगत.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. पॅरिस ही फ्रान्सची राजधानी, पण त्याचे आईवडील जर्मन होते. वडिलांचे नाव थिओडोर. ते ऑग्सबर्ग गावचे. पुस्तकबांधणीचा धंदा करायचे, पुढे चामड्याची पाकिटे, पिशव्या असा माल करू लागले. घरची परिस्थिती बेताची. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचे काम छोट्या रुडॉल्फकडे असे. तीन भावंडांत तो मधला, आणि मुलगा एकटाच.

वडील फार कडक होते. एकदा रुडॉल्फने घरातले घड्याळ सगळे सुटे करून पाहिले. सुटे झाले, पण परत जुळेना! तेव्हा वडिलांनी त्याला घरातल्या सामानाला बांधून ठेवले आणि बाकीची मंडळी फिरायला गेली, असं सांगतात. दुसऱ्या एका वेळी तो खोटं बोलला म्हणून खोटारडा असल्याची पाटी गळ्यात अडकवून त्याला शाळेत जावं लागलं. अशी शिक्षा कुणी कुणाला करू नये असं मला तरी वाटतं. पण घड्याळ उघडून बघायची त्याची खोड काही गेली नाही.

पॅरिसमध्ये यंत्रांचे एक मोठे संग्रहालय आहे. तिथे कुन्यो नावाच्या फ्रेंच माणसाने १७७० च्या सुमारास केलेली वाफेची गाडी ठेवलेली आहे. रुडॉल्फ सुटीच्या दिवशी तिथे जाऊन बसायचा आणि यंत्रांची चित्रं काढायचा. शाळेत तो हुशार होता. बाराव्या वर्षी त्याला ब्राँझचे पदक मिळाले आणि पुढच्या मोठ्या शाळेत त्याचे नाव घालायचे ठरले.

पण त्याच वर्षी, म्हणजे १८७० साली, फ्रान्स आणि जर्मन राज्ये यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमध्ये राहणारे जर्मन लोक एका दिवसात परके झाले. डिझेल कुटुंबाला घर, दुकान, शाळा सगळे टाकून लंडनला जावे लागले. लंडनमध्ये तर खायचे वांधे. मग आईवडिलांनी ठरवले की मुलाला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवायचे. तिथे बार्निकेल नावाचे गणिताचे मास्तर नात्यातले होते. बारा वर्षांचा रुडॉल्फ एकटाच निघाला. युद्धामुळे आगगाड्या धड नव्हत्या. त्याला पोचायला आठ दिवस लागले. आपल्यापैकी सातवीतल्या मुलांचे वय तेवढेच आहे. आठ दिवस, एकट्याने, परमुलखात. मला तर तालुक्याला एकट्याने जायचं म्हटलं तरी आई दहा वेळा विचारते.

बार्निकेल मास्तरांच्या घरी मात्र त्याचे चांगले झाले. मास्तर शिकवत त्याच धंदेशिक्षणाच्या शाळेत तो जाऊ लागला. चौदा वर्षांचा असताना त्याने आईवडिलांना पत्र लिहून कळवलं की मी इंजिनिअर होणार. १८७३ साली तो शाळेत पहिला आला.

ऑग्सबर्गच्या त्या शाळेत एक गंमतीचे उपकरण होते. काचेची जाड नळी आणि तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या. नळीच्या तळाशी कापसासारखा चटकन पेटणारा तुकडा ठेवायचा आणि दट्ट्या जोरात खाली दाबायचा. काडी नाही, गारगोटी नाही, तरी आतला तुकडा पेटतो! हवा एकदम दाबली की ती तापते, एवढंच त्यातलं शास्त्र. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी सायकलच्या ट्यूबमध्ये पंपाने हवा भरून पाहावी आणि मग पंपाच्या खालच्या टोकाला हात लावावा. हाताला चांगले गरम लागते. त्यातली थोडी उष्णता घासण्याची असते, पण बरीचशी दाबलेल्या हवेची असते. डिझेल इंजिन म्हणजे हाच पंप, फक्त फार मजबूत आणि फार मोठा.

१८७५ साली रुडॉल्फला म्युनिकच्या तांत्रिक महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. घरच्यांचे म्हणणे होते की शिकला तेवढे पुरे, आता नोकरी धर आणि चार पैसे घरी पाठव. त्याने ऐकलं नाही. (इथे पालकांनी रागावू नये. शिष्यवृत्ती होती म्हणून जमलं.) म्युनिकला कार्ल फॉन लिंडे नावाचे मोठे प्राध्यापक होते. बर्फ करायच्या आणि थंडावा देणाऱ्या यंत्रांत त्यांचे नाव आजही घेतले जाते. एके दिवशी वर्गात लिंडे सरांनी वाफेच्या इंजिनाचा हिशेब मांडला. कोळशात जेवढी उष्णता असते तिच्यातला शंभरातला फक्त सहा ते दहा भाग कामाला येतो, बाकी सगळा धुराड्यातून आणि वाफेतून वाया जातो. म्हणजे शंभर पोती कोळसा जाळला तर नव्वद पोती नुसतीच हवेत गेली! बाकीच्या मुलांनी हे वहीत उतरवून घेतले. रुडॉल्फने वहीच्या समासात आणखी एक टिपण केले, की याहून चांगले इंजिन प्रत्यक्षात करता येईल का याचा अभ्यास करायचा. तो अभ्यास पुढे आयुष्यभर चालला.

परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला, त्यामुळे आपल्या तुकडीबरोबर परीक्षेला बसता आले नाही. मधल्या काळात तो स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर बंधूंच्या कारखान्यात हाताने काम शिकला. मग जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली आणि सर्वात वरच्या श्रेणीत पास झाला.

आता तो इंजिनिअर झाला, तेव्हा इथून पुढे अहोजाहो केलं पाहिजे.

लिंडे सरांनी डिझेलसाहेबांना पॅरिसला आपल्या बर्फाच्या कारखान्याच्या कामावर नेमले. वर्षभरात ते तिथले प्रमुख झाले. १८८३ साली त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव मार्था. त्यांना रुडॉल्फ, हेडी आणि ऑयगेन अशी तीन मुले झाली. नोकरी बर्फाची, पण डोक्यात सारखं इंजिन. आधी त्यांनी वाफेऐवजी अमोनियाची वाफ वापरून पाहिली. बरीच वर्षे त्यात गेली आणि हाती काही लागले नाही. १८९० साली ते बिऱ्हाड घेऊन बर्लिनला गेले. तिथे त्यांनी तो नाद सोडला आणि जुन्या काचेच्या नळीकडे परत वळले. साधी हवाच इतकी दाबायची की ती लालबुंद लोखंडासारखी तापेल, आणि मग त्या हवेत थोडे थोडे इंधन सोडायचे. ते आपोआप पेटेल. पेट्रोल इंजिनात ठिणगीसाठी प्लग असतो, इथे प्लगची गरजच नाही.

या कल्पनेचा पेटंट त्यांना २३ फेब्रुवारी १८९३ रोजी मिळाला. पेटंट म्हणजे ही युक्ती माझी, दुसऱ्याने माझ्या परवानगीशिवाय वापरायची नाही, असा सरकारी कागद. पण कागदाने इंजिन चालत नाही. त्यांनी कारखानदारांना पत्रे लिहिली. बऱ्याच जणांनी वेड्यात काढले. शेवटी ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिख बूत्स तयार झाले. क्रुप या पोलादाच्या मोठ्या कंपनीनेही पैसा घातला. म्हणजे बारा वर्षांचा असताना ज्या गावी ते पाहुणा म्हणून आले होते, त्याच गावात त्यांचे इंजिन उभे राहिले.

ते पहिले इंजिन जवळजवळ तीन मीटर उंच होते. म्हणजे आपल्या वर्गाच्या छताला लागेल एवढे, आणि सिलिंडर एकच. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. इंजिन कारखान्याच्या पट्ट्यावर फिरवले, आत इंधन सोडले आणि धडाम् आवाज झाला! दाब मोजायचे यंत्र फुटून त्याचे तुकडे उडाले. सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे ८० पट झाला होता. नशिबाने कुणाला लागलं नाही. इंजिन काही चाललं नाही. पण इंधन ठिणगीशिवाय पेटतं एवढं सिद्ध झालं. डिझेलसाहेब त्या दिवशी खूष होते.

मग सुधारणा करता करता सहा महिने गेले. १७ फेब्रुवारी १८९४ ची गोष्ट. इंजिनाला पट्टा लावून कारखान्याच्या दांड्यावरून फिरवत होते. लिंडर नावाचा मिस्त्री जवळ उभा होता. एकाएकी त्याला पट्टा उलट्या बाजूने ताणलेला दिसला. आतापर्यंत कारखाना इंजिनाला ओढत होता, आता इंजिनच कारखान्याला ओढत होते! लिंडर काही बोलला नाही. त्याने हळूच डोक्यावरची टोपी काढली आणि साहेबांकडे पाहिले. त्यावरून साहेबांना समजले. इंजिन मिनिटाला ८८ फेरे घेत जेमतेम मिनिटभर चालले. मला या सगळ्या हकिगतीत हा टोपीचा प्रसंग सर्वात जास्त आवडतो.

एक मिनिट चालणारे इंजिन शेतकऱ्याच्या काय कामाचे? अजून तीन वर्षे खटपट झाली. खरी अडचण इंधन आत घालण्याची होती. आत एवढा दाब असताना त्यावर मात करून तेल आत फवारायचे कसे? मूळ बेत तर कोळशाची पूडसुद्धा वापरायचा होता. शेवटी दाबलेल्या हवेच्या झोताने तेल आत फवारायचे, असे जमवले. इंधन होते साधे रॉकेल. १८९७ च्या फेब्रुवारीत म्युनिकच्या श्रोटर नावाच्या प्राध्यापकांनी सर्वांसमोर चाचणी घेतली. इंजिनाने सुमारे १८ अश्वशक्ती दिली आणि इंधनातल्या उष्णतेच्या शंभर भागांतले २६ भाग कामाला लावले. वाफेचे सहा ते दहा, डिझेलचे सव्वीस. मापायला आलेले लोक थक्क झाले. ते इंजिन अजून आहे, म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ठेवलेले आहे.

इंजिनाला काय नाव द्यावे याचा विचार चालला होता तेव्हा मार्थाबाईंनीच सुचवले की सरळ डिझेल हेच नाव द्या, असं म्हणतात.

त्यानंतर पैशांचा पाऊस पडला. अमेरिकेतल्या अडॉल्फस बुश नावाच्या उद्योगपतीने तिकडचे हक्क घ्यायला दहा लाख मार्क मोजले. रशियात नोबेल घराण्याने हक्क घेतले. म्युनिकमध्ये साहेबांनी मोठा बंगला बांधला. पण इंजिने विकली गेली तशा तक्रारीही आल्या. पहिल्यापहिल्यांदा केलेली इंजिने सारखी बंद पडत. कोर्टात दावे सुरू झाले, काही जण म्हणू लागले की कल्पना आमचीच होती. साहेबांची तब्येत बिघडली. १८९८ साली त्यांना आरोग्यधामात राहावे लागले. डोकेदुखी पाठ सोडेना. हातात आलेला पैसा त्यांनी जमिनींच्या व्यवहारांत घातला आणि तो बुडाला. यंत्राचा हिशेब ज्याला दशांशापर्यंत येत होता त्याला पैशाचा हिशेब जमला नाही.

आता आपल्या मथळ्यातल्या गोड्यातेलाकडे येऊ.

१९०० साली पॅरिसला जगातले मोठे प्रदर्शन भरले. डिझेल इंजिनाला तिथे सर्वात मोठे बक्षीस मिळाले. त्याच प्रदर्शनात ओटो नावाच्या फ्रेंच कंपनीने एक लहान डिझेल इंजिन मांडले होते. ते रॉकेलवर नाही, शेंगदाण्याच्या तेलावर चालत होते! इंजिनात काहीही बदल केलेला नव्हता. ते इतके सरळ चालत होते की बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना इंधन वेगळे आहे हे कळले. ही कल्पना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेत त्यांच्या ताब्यातल्या मुलखात भुईमूग भरपूर पिकत असे. तिथे कोळसा आणि रॉकेल बोटीतून न्यायला फार खर्च येई. जे शेतात पिकतं त्यावरच इंजिन चाललं तर?

पुष्कळ ठिकाणी असं छापलेलं असतं की डिझेलने आपले इंजिन गोड्यातेलासाठीच शोधले. ते खरं नाही. पहिले इंजिन खनिज तेलावरच चालले आणि शेंगतेलाचा प्रयोग दुसऱ्यांनी केला. पण ती गोष्ट साहेबांच्या मनात घर करून राहिली. पुढे त्यांनी स्वतः तसे प्रयोग केले, आणि १९१२ साली व्याख्यानांतून सांगितले की वनस्पतींच्या तेलाला आज कुणी विचारत नाही, पण एक दिवस ते खनिज तेलाइतकेच महत्त्वाचे होऊ शकेल. जमिनीतले तेल संपले तरी उन्हावर वाढणारे तेल संपणार नाही, असा त्यांचा विचार होता.

त्यांचा आणखी एक विचार होता. मोठ्या कारखानदारांकडेच मोठी इंजिने असतात, म्हणून लहान कारागीर मरतो. लहान कारागिरालाही परवडेल असे इंजिन हवे. १९०३ साली त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्यात कामगारांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून स्वतःच्या मालकीचे कारखाने काढावेत असे मांडले होते. आपल्याकडे सोसायटी आणि सहकारी कारखाने सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून आपल्याला त्यात नवल वाटत नाही. तिकडे मात्र दहा हजार प्रती छापल्या आणि काही शेकडाच खपल्या. इंजिनापेक्षा हे पुस्तक आपण चांगले लिहिले असे त्यांना वाटे म्हणतात.

इकडे इंजिन पुढे पुढे चालले होते. १९०३ मध्ये रशियात आणि फ्रान्समध्ये ते बोटींवर बसले. दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचलेल्या आमुंडसेनच्या फ्राम जहाजावर डिझेल इंजिनच होते. १९१२ साली डेन्मार्कची सेलांडिया ही मोठी आगबोट, खरं तर आग नसलेली बोट, कोपनहेगनहून थेट बँकॉकला जाऊन आली. तिला धुराडेच नव्हते! बंदरावर लोक बघायला गर्दी करत.

पण साहेबांवरचे कर्ज वाढत होते. २९ सप्टेंबर १९१३ रोजी ते बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरावरून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाले. बरोबर दोन ओळखीचे गृहस्थ होते. तिकडे नवीन कारखान्याचे काम होते. रात्री तिघे एकत्र जेवले, डेकवर फिरले. दहाच्या सुमारास साहेब आपल्या खोलीकडे गेले. सकाळी सव्वासहाला उठवा असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. सकाळी खोलीत कुणीच नव्हते. अंथरुणावर कुणी झोपल्याची खूण नव्हती. घड्याळ पलंगावरून दिसेल असे ठेवलेले. मागच्या डेकवर कठड्याजवळ त्यांची टोपी आणि नीट घडी केलेला कोट सापडला. दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक देह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे देह समुद्राच्या स्वाधीन केला. मुलगा ऑयगेन याने वस्तू ओळखल्या. चष्म्याचे घर, चाकू, पाकीट, सगळे वडिलांचेच होते.

काय झाले ते कुणालाही खात्रीने सांगता येत नाही. कुणी म्हणाले घातपात झाला, कुणी काही. जायच्या आधी त्यांनी मार्थाबाईंकडे एक बॅग देऊन ती पुढच्या आठवड्यात उघडायला सांगितले होते. तिच्यात वीस हजार मार्क रोख आणि कर्जाचे कागद होते. रोजनिशीत २९ तारखेपुढे एक लहान फुली होती. यावरून बहुतेक लोक असे मानतात की कर्जाला आणि आजाराला कंटाळून त्यांनी स्वतःच जीव दिला. त्यांचे वय ५५ होते. हे वाचताना मला फार वाईट वाटलं. एवढी मोठी माणसं ओळखीची होती, त्यांच्यापैकी एकालाही ते आपली अडचण सांगू शकले नाहीत.

त्यांच्यामागे इंजिन आणखी लहान आणि स्वस्त झाले. १९२० नंतर ते ट्रकमध्ये बसले, १९३६ मध्ये मोटारगाडीत आले. जपानमध्ये यामाओका नावाच्या गृहस्थांनी १९३३ साली शेतकऱ्याला परवडेल असे छोटे डिझेल इंजिन केले आणि १९५७ साली कृतज्ञता म्हणून ऑग्सबर्गच्या बागेत जपानी दगडांचे स्मारक करून दिले. आपल्या महाराष्ट्रात किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. हिरवी इंजिने शेतात आली आणि किती तरी विहिरींवरची मोट सुटली. पिठाची गिरणी, गुऱ्हाळ, मळणी, सगळीकडे ते फुकफुक करणारे इंजिन आले. आता बहुतेक विहिरींवर विजेची मोटार आहे, पण वीज गेली की आमच्या वस्तीवरचे आजोबा अजून हँडल मारून जुने इंजिन चालू करतात.

आणि गोडेतेल? ते सगळे विसरले. खनिज तेल स्वस्त होते, मग कोण विचारतो. शिवाय एक अडचणही होती. कच्चे गोडेतेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट घट्ट असते. एकदोन दिवस इंजिन चालते, पण नोझल चोंदते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, आत काजळी धरते. त्यावर उपाय १९३७ साली बेल्जियममधल्या शावान नावाच्या शास्त्रज्ञांनी शोधला. दुसऱ्या वर्षी त्या उपायाने पाम तेलापासून केलेल्या इंधनावर ब्रुसेल्स आणि लूव्हाँ या गावांमध्ये बससुद्धा चालली.

उपाय असा. तेलाचा प्रत्येक कण म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला चिकटलेल्या तीन लांब शेपट्या. त्या तीन शेपट्या एकत्र असतात म्हणून तेल घट्ट. तेल गरम करून त्यात थोडा कॉस्टिक सोडा विरघळवलेले मिथेनॉल घातले की शेपट्या कण्यापासून सुटतात आणि मिथेनॉलला चिकटतात. मग भांड्यात दोन थर होतात. खाली जड, गडद ग्लिसरीन बसते, वर पातळ पिवळे इंधन तरंगते. वरचे काढून कोमट पाण्याने धुवायचे आणि पाणी पूर्ण घालवायचे. यालाच बायोडिझेल म्हणतात. १०० किलो तेलाला ११ किलोच्या आसपास मिथेनॉल खर्ची पडते आणि १०० किलोच्या आसपास बायोडिझेल व १० किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळते. ग्लिसरीन साबणात आणि औषधांत चालते. म्हणजे वाया काही जात नाही, लिंडे सरांना हे आवडले असते.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे यासाठी नवे तेल लागत नाही. भजी, वडे तळून काळे झालेले तेलही चालते. ते आधी गाळून घ्यावे लागते आणि त्यातले पाणी काढावे लागते. पाणी राहिले तर इंधनाऐवजी साबण होतो! ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात १९९० नंतरच्या दशकात हॉटेलांतले वापरलेले तेल गोळा करून त्यावर शहराच्या बस चालवायला सुरुवात झाली. आपल्या देशातही १ जुलै २०१८ पासून असा नियम आहे की तळून तळून तेलातले खराब घटक शंभरात २५ च्या वर गेले की ते खाण्यासाठी वापरायचे नाही. त्याच वर्षी असे तेल गोळा करून बायोडिझेलच्या कारखान्याला द्यायची सरकारी योजनाही सुरू झाली. आठवडी बाजारात तेच तेल चार-चार वेळा तापवतात, त्यापेक्षा ते ट्रकने प्यालेलं बरं.

मुलांनो, हा प्रयोग घरी मात्र अजिबात करायचा नाही. मिथेनॉल पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो, आणि त्याची वाफ भडकन पेटते. कॉस्टिक सोड्याने कातडी भाजते. मोठ्या माणसांनीही हे शेडमध्ये बादलीत करू नये.

गॅरेजच्या जळक्या ऑइलचे काय, असा प्रश्न काही पालक विचारतील, कारण ते प्रत्येकाच्या घरी एखाद्या डब्यात असतंच. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून आपण ते लावतो. पण त्याला वरचा उपाय लागू पडत नाही. ते खनिज तेल, त्यात ग्लिसरीनचा कणाच नाही, मग शेपट्या सुटणार कशाच्या? काही जण ते फडक्यातून गाळून डिझेलमध्ये मिसळतात. फडक्याने कचरा अडतो, पण लोखंडाची बारीक धूळ, काजळी आणि तेलात घातलेली रसायने तशीच राहतात. नोझल खराब होते आणि धूर विषारी निघतो. मोठ्या कारखान्यात हवा काढून घेतलेल्या टाकीत तापवून त्याची वाफ वेगळी केली की त्यापासून पुन्हा स्वच्छ वंगण किंवा इंधन होते. म्हणून ते डब्यात साठवून परवाना असलेल्या गोळा करणाऱ्याला द्यावे. २०१६ च्या नियमांत ते घातक कचरा म्हणून धरलेले आहे. ओढ्यात तर मुळीच ओतू नये, एका डब्याने केवढे तरी पाणी नासते.

दरवर्षी १० ऑगस्टला जैवइंधन दिन पाळतात. आपल्या देशात तो २०१५ पासून साजरा होतो. डिझेलसाहेबांचे इंजिन त्या दिवशी शेंगतेलावर चालले, असे त्या वेळच्या बातम्यांत येते. ते बरोबर नाही. १० ऑगस्ट १८९३ ला ऑग्सबर्गच्या कारखान्यात शेंगतेल नव्हतेच, आणि इंजिनही चालले नव्हते. त्या दिवशी फक्त एक दाबमापक फुटला होता.